पिल्लू घरात आले. लशीची वही आली का?

दिवाळीचे फटाके थांबले की नाशिकच्या गल्लीबोळांत दुसरीच एक गडबड सुरू होते. पावसाळ्याच्या अखेरीस गाभण राहिलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. बंद दुकानाच्या पायरीखाली, बांधकामाच्या वाळूत, जिन्याखालच्या मीटरपेटीजवळ चार-सहा पिल्ले वळवळू लागतात. महिना-दीड महिन्यात त्यांतले एखादे कुणाच्या तरी शर्टाच्या आत लपून घरात येते. आई आधी नाही म्हणते, आजी देवघराकडे बोट दाखवते, वडील 'संध्याकाळी बघू' म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर पिल्लाला नाव ठेवून झालेले असते. मांजरीच्या पिल्लाला तर तेवढाही विरोध होत नाही. ते आपले आपणच येते आणि धान्याच्या कोठीमागे मुक्काम ठोकते.

मी माणसांचा डॉक्टर. गुराढोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वैद्यकातला अधिकार माझा नाही, तो पशुवैद्यकांचा. तरीही आजचा लेख पिल्लांच्या लसींवर आणि जंतांच्या औषधावर लिहितो आहे. कारण पिल्लाचे जे करायचे राहून जाते, त्याचा हिशोब बऱ्याचदा माझ्या दवाखान्यात चुकता करावा लागतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई आठ वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आल्या. छाती तपासताना मुलाच्या मनगटावर तीन बारीक, सुकत आलेल्या खुणा दिसल्या. विचारले तर बाई हसल्या.

"अहो डॉक्टर, घरातलंच पिल्लू हो ते. अडीच महिन्यांचं. खेळताना दात लागला."

"पिल्लू कसं आहे आता?"

"ते परवाच गेलं. दोन दिवस खात नव्हतं, लाळ गाळायचं, पलंगाखाली जाऊन बसायचं. यांनी गोणीत घालून नाल्याकडे टाकून दिलं."

"लस दिली होती का त्याला?"

"एवढ्याशा जिवाला कुठं लस देतात?"

त्या दिवशी खोकला बाजूला राहिला. मुलाच्या जखमा साबणाने पुन्हा धुतल्या, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्यांना तिथूनच सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे जखमांभोवती इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले आणि रेबीजच्या लशीचा पहिला डोस झाला. मग बाईंना आठवले की मुलाच्या धाकट्या बहिणीने पिल्लाच्या तोंडात हात घालून औषध पाजले होते. वडिलांच्या हाताला भेगा होत्या आणि त्यांनी ती लाळ पुसली होती. असे करता करता घरातल्या तिघांची लस सुरू झाली. सगळे सुखरूप आहेत. पण त्या पिल्लाला रेबीज होता, डिस्टेंपर होता की आणखी काही, हे कधीच कळले नाही. डिस्टेंपरमध्येही पिल्लू लाळ गाळते, झटके देते, कोपरा धरते. नाल्यात टाकलेले पिल्लू तपासणार कसे? ते कुटुंब पुढचे कित्येक महिने मुलाला जरा कणकण आली तरी माझ्या दारात उभे असे. एका लशीने ही सारी धास्ती टळली असती.

'एवढ्याशा जिवाला कुठं लस देतात' हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. लोकांच्या मनात पिसाळलेला कुत्रा म्हणजे मोठा, लाल डोळ्यांचा, जीभ लोंबत असलेला, रस्त्याने सुसाट धावणारा. रेबीजच्या विषाणूला वयाचा विधिनिषेध नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने पिल्लांच्या घोळक्यात तोंड घातले तर पिल्लेही पिसाळतात. आणि मोठ्या कुत्र्याला माणूस भितो, पिल्लाला मात्र मांडीवर घेतो. त्याचे दात सुईसारखे असतात. रक्त येत नाही, नुसता ओरखडा उठतो, आणि तो ओरखडा कुणी चावा म्हणून धरतच नाही.

पोटातली चौदा इंजेक्शने

आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या वाचकांना 'बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने' नक्की आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली हिमाचलातील कसौलीच्या संस्थेत ती तयार केली आणि पुढे नव्वदहून अधिक वर्षे आपल्या देशाने तिच्यावर काढली. नव्वदच्या दशकात आंतरवासिता करताना मी स्वतः ती इंजेक्शने दिली आहेत. सकाळी रांग लागे, मुले आदल्या रात्रीपासून रडत, आणि सातव्या-आठव्या दिवशी निम्मी मंडळी येणेच बंद करीत. काही थोड्यांना त्या लशीमुळेच मज्जासंस्थेचा त्रास होत असे. भारतात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता पेशींवर वाढवलेली शुद्ध लस दंडाच्या कातडीत अथवा स्नायूत देतात. कातडीतल्या पद्धतीत पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा चार खेपा, तर स्नायूतल्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची एक जास्तीची. पोटाशी तिचा काही संबंध नाही. तरीही पोटातल्या इंजेक्शनांची धास्ती आमच्या पिढीच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि तिच्यापायी चावा लपवणारी मुले आजही भेटतात. आजोबांनी सांगितलेली गोष्ट नातवाच्या मनात बसते ती अशी.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय राहत नाही. जगभरात वाचलेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. चाव्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी कमी, कधी वर्षभरही. तेवढाच आपल्या हातातला वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी अठरा ते वीस हजार माणसे या रोगाने मरत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या सर्वेक्षणातून हा आकडा पावणेसहा हजारांच्या आसपास असावा असे निघाले. आकडा खाली आला याचा आनंद आहे. पण लशीने शंभर टक्के टळणाऱ्या रोगाला पावणेसहा हजार हा आकडाही लाजिरवाणाच म्हणायचा.

दात लागला, ओरखडा उठला, किंवा पिल्लाने जखम चाटली, तर पहिले काम नळाखाली. वाहते पाणी आणि कपड्याचा असो वा अंगाचा असो, कोणताही साबण. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. या धुण्यानेच पुष्कळसा विषाणू निघून जातो. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, कॉफी, तेल, विड्याचे पान यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये, टाकेही शक्यतो घेऊ नयेत. मग लगेच रुग्णालय गाठावे. जिल्हा शासकीय रुग्णालयात, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. कुत्रे किंवा मांजर नजरेसमोर असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, कारण लाळेत विषाणू येऊ लागल्यावर जनावर दहा दिवसांपलीकडे धडधाकट राहत नाही. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असा याचा अर्थ कोणी काढू नये. लस त्याच दिवशी सुरू करायची. जनावर दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

आईच्या दुधाची शिदोरी

आता पिल्लाकडे वळू. तान्ह्या बाळाला दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा लशी का देतो, एकदाच का देत नाही, हे आया मला नेहमी विचारतात. पिल्लाच्या बाबतीत उत्तर अधिक सोपे आहे. कुत्रीच्या पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ही आईने दिलेली शिदोरी. ती काही आठवडे पुरते आणि मग हळूहळू संपते. शिदोरी भरपूर असताना लस दिली तर ती द्रव्ये लशीलाच निकामी करतात. संपून गेल्यावर दिली तर मधल्या दिवसांत रोग गाठतो. ती नेमकी कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, एकाच वेतातल्या दोन पिल्लांचीही वेळ सारखी नसते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा द्यायची. एक डोस देऊन 'झाली लस' म्हणणारे लोक इथेच फसतात.

पशुवैद्यक जिला 'सेव्हन इन वन' वगैरे म्हणतात त्या एकत्रित लशीत डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा संसर्गजन्य रोग, श्वसनाचा एक विषाणू आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा समावेश असतो. यांपैकी पार्व्हो हा पिल्लांचा खरा काळ. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. त्याआधी कुत्र्यांचे डॉक्टरही त्याला ओळखत नव्हते. उलट्या, मग रक्ताची दुर्गंधी हगवण, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू पापडासारखे वाळून जाते. त्यावर नेमके औषध नाही, सलाईन आणि शुश्रूषा यांवरच सारी भिस्त. विषाणू इतका चिवट की एका पिल्लाच्या हगवणीतून अंगणात पडला तर कित्येक महिने तिथे जगतो. म्हणून घरात एक पिल्लू पार्व्होने गेले की 'मुलांना वाईट वाटते' म्हणून आठवड्यात दुसरे आणू नये. आणायचेच तर आधी फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी आणि लस पूर्ण झालेले, थोडे मोठे पिल्लू आणावे. त्याच कारणाने, सोळा आठवड्यांची लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, गोदाकाठी किंवा मैदानावर फिरायला नेऊ नये. गच्चीवर खुशाल खेळवावे.

रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यायची. काही पशुवैद्यक महिन्याभराने दुसरी देतात, आणि मग दर वर्षी एक. लस दिल्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही, त्याला तीन-चार आठवडे लागतात. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाच्या आईला लस झालेली असण्याची शक्यता कमी, तेव्हा त्याला लवकर द्यावी का हे पशुवैद्यकाला विचारावे. लहान मुलांच्या घरात पाळीव जनावर असेल तर मुलांनाही आधीच रेबीजची लस देऊन ठेवण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. तोही विचारून घ्यावा.

इथे एक तक्रार नोंदवतो. हौशी लोक हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू आणतात आणि विकणारा सोबत 'दोन लशी झाल्या आहेत' असे तोंडी सांगतो. वही मागितली तर 'पाठवतो' म्हणतो. वहीत बाटलीवरचे लेबल चिकटवलेले नसेल, तारीख आणि पशुवैद्यकाची सही नसेल, तर लस झालीच नाही असे धरून चालावे. आणखी एक प्रकार म्हणजे दुकानातून लस आणून स्वतःच टोचणे. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. एप्रिलच्या उन्हात ती कुणी खिशात घालून सिडकोहून पंचवटीला नेली तर टोचते ते नुसते पाणी. शिवाय ताप किंवा हगवण असलेल्या पिल्लाला लस देऊ नये हे कळायला तपासणारा हवा.

जंत: पिल्लाचे आणि पोराचे

जंतांचा विषय माझ्या जास्त जवळचा. कुत्र्याच्या पोटातला गोल जंत पिल्लाच्या जन्माची वाट पाहत नाही. गाभण कुत्रीच्या शरीरात दडलेल्या अळ्या नाळेतून पोटातल्या पिल्लांकडे जातात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन. मांजरीच्या पिल्लांना ते दुधातून मिळतात. आकडेकृमी कुत्रीच्या दुधातूनही जातात आणि पिल्लाचे रक्त पितात. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट नगाऱ्यासारखे, अंगावरचे केस राठ, असे पिल्लू दिसले की लोक म्हणतात, 'चांगलं खातंय, पोट बघा कसं भरलंय!' ते पोट अन्नाचे नव्हे, जंतांचे.

म्हणून पिल्लाला जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरवड्याला, दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत देतात. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा. मांजरीच्या पिल्लांची सुरुवात तिसऱ्या आठवड्यापासून होते. पिल्लांसोबत त्यांच्या आईलाही द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लू आधी तोलावे. किराणा दुकानातला काटा चालेल. मुलांना शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी जी गोळी मिळते, तिचा तुकडा मोडून पिल्लाला घालू नये. पिल्लांची औषधे वेगळी आणि मात्राही वेगळी.

हे सारे मी का सांगतो? हे जंत माणसातही येतात, पण वेगळ्या वाटेने. पिल्लाच्या विष्ठेतून पडलेली अंडी दोन-चार आठवड्यांनी मातीत पक्व होतात आणि नंतर वर्षानुवर्षे टिकतात. माती खाणारे, बोटे चोखणारे मूल ती गिळते. माणसाच्या पोटात त्या अळीचा मोठा जंत बनत नाही. ती वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी यकृतात, फुप्फुसात आणि कधी कधी डोळ्यात भटकते. त्यामुळे मुलाच्या शौचाच्या तपासणीत काहीच सापडत नाही. दीर्घकाळचा खोकला, रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींची वाढ, यकृताला सूज, आणि विचारल्यावर कळते की घरात नवे पिल्लू आहे. डोळ्यात अळी गेली तर एका डोळ्याची दृष्टी अधू होऊ शकते, आणि लहान मूल ते सांगतही नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. आकडेकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि नागमोडी, खाजरी, लाल रेघ उमटते. ही रेघ मी पावसाळ्यात दर वर्षी पाहतो. लोक त्यावर गजकर्णाचे मलम चोळत असतात.

उपाय अगदी साधा आहे. पिल्लाला वेळेवर औषध द्यावे, त्याची विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि जेवणाआधी मुलांचे हात धुवावेत. पिल्लाला घराबाहेर काढण्याची गरज नाही.

गोचिडींबद्दल थोडे. गोचीड चावल्याने कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होते, नाकातून रक्त येते. गोचिडी मारण्यासाठी लोक रॉकेल चोळतात, आणि आपल्या जिल्ह्यात त्याहून वाईट प्रकार म्हणजे द्राक्षबागेच्या फवारणीचे उरलेले औषध पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ. विषबाधा झालेला शेतकरी कसा घामाघूम होतो, लाळ गाळतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, हे निफाड-दिंडोरीच्या डॉक्टरांना सांगायला नको. पिल्लाचेही तेच होते, फक्त लवकर. शिवाय चोळणाऱ्याच्या हातालाही ते लागतेच.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

मांजरीच्या पिल्लाला आठव्या आणि बाराव्या आठवड्याला 'ट्रायकॅट' नावाने ओळखली जाणारी लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. मांजर चावूनही रेबीज होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण मांजरांच्या बाबतीत मला लसीपेक्षा जास्त सांगावेसे वाटते ते घरच्या औषधांच्या डब्याविषयी. पिल्लू गरम लागते म्हणून कोणी मुलांची पॅरासिटामॉलची बाटली काढते. मांजराच्या यकृतात ते औषध निचरा करणारी यंत्रणा जवळजवळ नसतेच. एका गोळीचा तुकडाही मांजराचा जीव घेतो. रक्त तपकिरी होते, हिरड्या काळपट पडतात, तोंड सुजते. खरजेवरचे बेंझिल बेंझोएट, जे आम्ही माणसांना सर्रास लिहून देतो, तेही मांजर चाटून मरते. कुत्र्यांच्या गोचिडींचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजराला विषच. सांगायचे एवढेच की माणसाच्या औषधातले थेंबभरही मांजराला देऊ नये. कुत्र्यालाही ब्रुफेनसारखी दुखण्यावरची गोळी देऊ नये.

मांजरीच्या पिल्लाच्या कानामागे केस गेलेला गोल चट्टा दिसला आणि आठवड्याने मुलीच्या गळ्यावर तसाच गोल उठला, तर ते गजकर्ण. दोघांवर एकदम उपचार केले तरच ते जाते. आणि दूध? चित्रांत मांजर नेहमी दुधाच्या वाटीपाशी दाखवतात, पण आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाईचे दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. त्यात मिसळायचे काय, कोणते तयार दूध आणायचे, ते पशुवैद्यक सांगतील. शक्य तर पिल्लाला आठ आठवड्यांपर्यंत आईजवळच राहू द्यावे. त्यासारखे औषध नाही.

नाशिकची दोन विषे

आपला जिल्हा दोन पिकांसाठी देशात ओळखला जातो, आणि योगायोग असा की ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत.

पहिले द्राक्ष. द्राक्षे किंवा मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडतात, हे पशुवैद्यकांच्या ध्यानात गेल्या पंचवीसेक वर्षांत आले. २०२१ साली अमेरिकेतील विषतज्ज्ञांनी यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. तेच आम्ल चिंचेतही असते. किती द्राक्षे घातक याचा नेम नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन पचवतो, एखादे पिल्लू चार-पाच मण्यांनी आजारी पडते. प्रथम उलट्या होतात, मग सुस्ती येते आणि एक ते तीन दिवसांत लघवी थांबते. बागेत राखणीला बांधलेली कुत्री, तोडणीच्या दिवसांत क्रेटमधून गळालेले मणी, आणि घरात शेजाऱ्यांनी पाठवलेला घड, हे पिंपळगाव-दिंडोरीकडच्या प्रत्येक घरात असते. 'आमचा कुत्रा लहानपणापासून द्राक्षे खातो, काही होत नाही' असे सांगणारे बागायतदार मला भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण पिल्लाला देऊ नका, एवढे नक्की सांगतो. खाल्लेच तर उलटीची वाट न पाहता, पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्यकाकडे न्यावे.

दुसरा कांदा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या, आणि त्याहून अधिक मांजराच्या, लाल रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, सगळे सारखेच. लक्षणे तीन-चार दिवसांनी दिसतात: फिकट हिरड्या, धाप, लालसर-काळपट लघवी. त्यामुळे रविवारी मिसळीचा उरलेला रस्सा पोळीवर घालून दिला आणि बुधवारी पिल्लू आडवे झाले, तर दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पिल्लासाठी अन्न वेगळे काढावे, फोडणी पडण्याआधी. भात, साधे वरण, उकडलेले अंडे किंवा कोंबडी, थोडी पोळी. चॉकलेटही नको.

गोव्याने केले ते

सिंधुदुर्गाला खेटून असलेल्या गोव्यात गेल्या दशकात एक काम झाले, ते आपल्याकडे पुरेसे चर्चिले गेले नाही. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगाव, घरच्या आणि रस्त्यावरच्या अशा सगळ्या कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात केली. दर वर्षी साधारण सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचायचे हे लक्ष्य. तेवढ्यांना लस झाली की विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट उरत नाही. हातजाळी घेतलेली पथके, कोणत्या गल्लीत किती कुत्र्यांना लस झाली याची मोबाईलवर नोंद, शाळांतून मुलांना शिकवण, आणि संशयित जनावर कुठे दिसले तर तपासायला पथक. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा लागोपाठ तीन वर्षे तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नव्हता, आणि कुत्र्यांना दिलेल्या लशींची संख्या पाच लाख चाळीस हजारांवर गेली होती. केंद्र सरकारनेही त्याच वर्षी, २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा कृती आराखडा जाहीर केला.

गोवा लहान आहे, नाशिक जिल्हा त्याच्या चौपट, हे मान्य. पण एका पेठेतल्या किंवा एका कॉलनीतल्या मंडळींनी मिळून आपल्या रस्त्यावरची दहा-बारा कुत्री मोजणे, आणि पशुवैद्यकाला बोलावून त्यांना लस देणे यात अवघड काय आहे? गणपतीची वर्गणी आपण जमवतोच. सहा महिन्यांच्या पुढे नसबंदीही करून घ्यावी. कुत्रीचे आणि मांजरीचे गाभणपण नऊ आठवड्यांचे, आणि मांजर तर पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते. 'एकदा तरी पिल्लं होऊ दे, मग करू' या दयेतूनच पुढच्या दिवाळीनंतरची पिल्ले नाल्यावर येतात.

लेख संपवण्यापूर्वी, याच स्तंभातल्या मागच्या एका लेखावर आलेल्या पत्राचे उत्तर देतो. इंदिरानगरहून एका भगिनीने विचारले आहे: मला तिसरा महिना आहे, घरात चार महिन्यांची मांजर आहे, सासूबाई म्हणतात आत्ताच्या आत्ता सोडून ये, काय करू? त्यांना भीती आहे टॉक्सोप्लाझ्माची, आणि ती भीती अगदी अनाठायी नाही. गर्भारपणात प्रथमच हा संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो. पण मांजर हा जंतू आयुष्यात बहुधा एकदाच, काही थोडे दिवस विष्ठेतून टाकते, आणि विष्ठेतला जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे वाळूचा डबा रोज साफ झाला तर धोका पुष्कळ कमी होतो. ते काम पुढचे सहा महिने यजमानांकडे सोपवावे. मांजराला कच्चे मांस घालू नये, तिला बाहेर उंदीर मारायला सोडू नये. स्वतः अर्धे शिजलेले मटण खाऊ नये, भाज्या नीट धुवाव्यात, कुंड्यांत हात घालताना मोजे घालावेत. कारण हा जंतू मांजराला कुरवाळून नव्हे, तर मांसातून आणि मातीतून जास्त येतो. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी. मांजरीची रेबीजची लस झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्यावी, आणि सासूबाईंना हा लेख वाचायला द्यावा.